‘फुकटच्या फेरीतून तेच पाणी दिसतं’ : ‘डोळस प्रवासी’ यांना उत्तर

‘आजी-आजोबा, दोन मुलं आणि ॲमस्टरडॅमचा एक दिवस’ या माझ्या लेखावर ‘डोळस प्रवासी’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. त्या लेखात मी सकाळी रेइक्सम्युझियम हे राष्ट्रीय संग्रहालय, दुपारी कालव्यांतून फिरवणारी बोट आणि मग ॲन फ्रँक हाऊस असा दिवस आखला होता. वाचकांना शोधत बसायला नको म्हणून प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देते.

‘लेखकमहाशय, ही कौटुंबिक सहल आहे की पेशवे उद्यानात नेलेली शाळेची ट्रिप? नऊला हे, एकला ते, पावणेचारला तिसरंच. ॲन फ्रँक हाऊससाठी लोकांना डामला उतरवून चालवता कशाला? १३ किंवा १७ नंबरची ट्राम वेस्टरमार्क्टला सोडते. बोटीसाठी माणशी पंधरा-वीस युरो ही शुद्ध उधळपट्टी, स्टेशनामागच्या फुकटच्या फेरीतून तेच पाणी दिसतं. व्हॅन गॉगचं नाव नाही, पाऊस आला तर काय ते नाही, आणि सहा जणांचा एकूण खर्च सोयीस्करपणे गाळलेला. लिहायचं तर अभ्यास करून लिहावं.’

ट्रामचं तुमचं बरोबर आहे. डाम या मध्यवर्ती चौकातल्या राजवाड्यामागे २ किंवा १२ नंबरच्या ट्राममधून उतरून तिथूनच १३ किंवा १७ पकडली की वेस्टरमार्क्ट लगेच येतं, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढी पायपीट वाचते. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की ती मान्य करायला मला कधीच अडचण नसते. अडचण सुराची आहे. ‘वेस्टरमार्क्ट जवळ पडेल’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्यासाठी समोरच्याचा अभ्यास काढायची गरज नव्हती. मी बारा वर्षं ॲमस्टरडॅमला लागूनच्या ॲमस्टलव्हेनला राहते. दर एप्रिल-मेमध्ये इथल्या मराठी घरांतून आई-वडील येतात, आणि आजवर चाळीसेक कुटुंबांना मी हाच दिवस आखून दिला आहे. तुमचा अभ्यास किती दिवसांचा, हे मी विचारलेलं नाही.

आता ती फेरी, म्हणजे स्टेशनामागून पलीकडच्या काठाला नेणारी फुकटची बोट.

‘तेच पाणी’ हे दोन शब्द वाचून मी प्रतिक्रिया बंद केली आणि संध्याकाळी पुन्हा उघडली. फेरी चालते ती ‘आय’ नावाच्या पाण्यावर. ॲमस्टरडॅमचं जुनं बंदर ते हेच. १८८९ साली सुरू झालेलं सेंट्रल स्टेशन या पाण्यात भराव घालून, कृत्रिम बेटांवर बांधलं, आणि त्या दिवसापासून शहराची पाठ पाण्याकडे झाली. तुमची फेरी त्या पाठीकडून सुटते. बाउक्सलोटरवेखला जाणाऱ्या फेरीतून मागे पाहिलं तर स्टेशनाचा मागचा भाग दिसतो, पुढे पाहिलं तर आय फिल्म संग्रहालयाची पांढरी इमारत आणि शेजारचा उंच मनोरा. पाचेक मिनिटांत पलीकडचा काठ. बसायला जागा नावापुरती, आजूबाजूला सायकली आणि मोपेड. मुलांना मजा येते, पैसे पडत नाहीत, जरूर जा. पण सबंध प्रवासात एकही कालवा लागत नाही. कालवे स्टेशनाच्या दुसऱ्या बाजूला आहेत.

ज्यासाठी लोक येतात ते कालवे म्हणजे आतून बाहेर सिंगल, हेरेनग्राख्त, काइजर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त. नावांचा अर्थ लावला तर सिंगलनंतर आधी प्रतिष्ठित मंडळी, मग सम्राट, मग राजपुत्र, हा क्रम मुलांच्या चटकन लक्षात राहतो. यातल्या बाहेरच्या तीन कालव्यांचं खोदकाम १६१३ मध्ये सुरू झालं, आणि २०१० मध्ये हे सगळं वलय युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. यादीत ‘पाणी’ गेलेलं नाही. पाणी, त्याचे धक्के, पूल आणि काठावरची घरं अशी सगळी रचना गेली आहे, आणि ती पाण्याच्या पातळीवरून बघायलाच सोपी पडते.

का, तेही सांगते. काठाने चालताना एका बाजूला पार्क केलेल्या गाड्या, दुसऱ्या बाजूला घरांच्या पायऱ्या, मध्ये रेलिंगला बांधलेल्या सायकली. विटांचा फूटपाथ इतका अरुंद की आजोबांची नजर कायम पायाशी. वर पाहावं तर उन्हाळ्यात एल्म झाडांची पानं आड येतात. बोट कालव्याच्या मधोमध जाते, त्यामुळे समोरचं घर तळापासून शेंड्यापर्यंत एका नजरेत येतं. शेंडा पाहा. पायऱ्यापायऱ्यांचा असेल तर तो सहसा जुन्या धाटणीचा, मानेसारखा निमुळता किंवा घंटेसारखा असेल तर नंतरचा. शेंड्याच्या टोकाला बाहेर आलेली तुळई आणि तिला लोखंडी आकडा. घरातले जिने इतके उभे आणि अरुंद की कपाट, पलंग, पियानो आजही दोराने ओढून खिडकीतून आत घेतात. वर चढणारं सामान भिंतीवर आपटू नये म्हणून बऱ्याच घरांचा दर्शनी भाग मुद्दाम पुढे झुकता बांधलेला असतो. तो झुकाव खालून, पाण्यावरूनच नीट कळतो. काही घरं आजूबाजूलाही कललेली आहेत, पण तो लाकडी खांबांच्या पायाचा प्रताप. तो मुद्दाम केलेला नाही.

हेरेनग्राख्त आणि रेग्युलियर्सग्राख्त जिथे मिळतात तिथे बोट हळू करतात. एका ओळीत सात पूल, एका कमानीत दुसरी, दुसरीत तिसरी. रस्त्यावरून पुढचा पूल मागच्यांना झाकतो. तुमच्या फेरीतून ही जागा दिसायची असेल तर फेरीला स्टेशनाखालून बोगदा लागेल.

बोट कुठली घ्यायची, हे मूळ लेखात दोनच ओळींत होतं. या निमित्ताने सविस्तर. सहा जणांत वयस्कर माणसं आणि लहान मुलं असतील तर छत असलेली मोठी बोट. तिच्यात बहुधा स्वच्छतागृह असतं, लहान उघड्या बोटीत बहुधा नसतं, आणि या शहरात रस्त्यावर फुकट सोय आहे ती बहुतेक पुरुषांचीच. उघडी बोट फोटोंना चांगली, पण मे महिन्यातही पाण्यावरचा वारा कानात शिरतो आणि पूल आला की कुणाला उभं राहता येत नाही. बंद बोटीत काचेवर आपलंच प्रतिबिंब येतं, म्हणून मागचा भाग गाठा. बऱ्याच बोटींचं तिथलं छत सरकतं. वीस मिनिटं आधी रांगेत उभं राहिलात तर खिडकीची समोरासमोर चार आसनं मिळतात, उशीर केलात तर सहा जण चार ठिकाणी. चढताना धक्क्यावरून पायरी खाली असते आणि बोट हलते. एकाने आधी आत उतरून हात द्यायचा, साडी किंवा ओढणी वर धरायची, बोटीच्या काठावर पाय द्यायचा नाही. कालव्यात वेगमर्यादा ताशी ६ किलोमीटर असल्याने पुढे कुणाला बोट लागत नाही.

बोट जिथून निघते तिथेच परत येते, मग एवढे पैसे कशाला, असंही तुमच्या मनात असेल. पेशवे उद्यान तुम्हीच काढलंत म्हणून सांगते, तिथली छोटी आगगाडी फुलराणीही निघाली तिथेच परत यायची, आणि तिलाही तिकीट होतं.

नऊ, एक, पावणेचार हे घड्याळ माझं नाही. ॲन फ्रँक हाऊसची तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सकाळी दहाला, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी उघडतात. भारतात तेव्हा उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे दुपारचा दीड, हिवाळ्यात अडीच. जी वेळ मिळेल ती, आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती. ॲनचं कुटुंब नाझींपासून जिथे लपलं होतं त्या, पुस्तकांच्या कपाटामागच्या भागातले जिने जवळजवळ शिडीसारखे आहेत, त्या भागात लिफ्ट नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी शेजारच्या वेस्टरकेर्क या चर्चपाशी थांबावं. चित्रकार रेम्ब्रांला १६६९ साली तिथेच पुरलं, नेमकं कुठे ती खूण मात्र नाही. रेइक्सम्युझियम नऊला उघडतं. रेम्ब्रांचं प्रसिद्ध चित्र ‘नाइट वॉच’ दुसऱ्या मजल्यावर आहे, तिथे आधी जायचं आणि मग खाली उतरत यायचं, कारण अकरानंतर चित्राऐवजी डोकी दिसतात. अठरा वर्षांपर्यंत प्रवेश मोफत. म्हणून नऊ. मधल्या वेळात म्युझियमसमोरच्या धक्क्यावरून एकची बोट, म्हणजे दोन दमवणाऱ्या गोष्टींमध्ये तासभर सगळे बसलेले. याला तुम्ही ट्रिप म्हणा.

ट्रामबद्दल एक भर, तुम्ही विचारलं नसलं तरी. बँकेच्या कार्डाने चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टॅप करायचं, प्रत्येकाचं कार्ड वेगळं. चढताना फोन आणि उतरताना प्लास्टिकचं कार्ड लावलं तर यंत्राला ते दोन प्रवासी वाटतात आणि दोघांचेही जादा पैसे कापले जातात. चार वर्षांखालच्यांना तिकीट नाही.

उरलेले मुद्दे किरकोळ आहेत. व्हॅन गॉग संग्रहालय याच एका दिवसात बसत नाही, हे पाहणाऱ्याला कळतं. खर्चाची बेरीज ज्याची त्याने करावी, दर बदलतात आणि कुणाची भूक किती हे मला ठाऊक नाही. पाऊस आला तर छत असलेल्या बोटीत बसा. त्याच त्या उधळपट्टीच्या.

आणि ‘महाशय’ नव्हे. लेखाच्या वर नाव आहे, बाईचं आहे. डोळस माणसाला दिसायला हरकत नव्हती.