पॅकेजिंगच्या कचऱ्यासाठी कंपन्यांनी पैसे दिले, बरं झालं. आता गाडी कुणाच्या दारापर्यंत येणार ते सांगा

डब्या धुवा, झाकणं काढा, लेबलं सोला, कागद कोरडा ठेवा, सुकं-ओलं मिसळू नका. कचऱ्यावर पुनर्प्रक्रिया व्हावी म्हणून जगभरातली घरं कित्येक वर्षं हे ऐकत आली आहेत. बऱ्याच जणांनी ते अंगवळणीही पाडून घेतलं. आणि तरीही वेगळं ठेवलेलं पुढे जाऊन एकत्र होतं किंवा 'हे आम्ही घेत नाही' म्हणून परत येतं. मग लोकांना शिस्त नाही, लोकांमध्ये जागृती नाही, असं पुन्हा सुरू. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

शाम्पूची पंपवाली बाटली घ्या. बाटली एका प्लास्टिकची, पंप दुसऱ्या. पंपाच्या पोटात बारीक स्टीलची स्प्रिंग. वरून अख्ख्या बाटलीला घट्ट चिकटलेलं रंगीत छापील वेष्टन, ते तिसऱ्याच प्लास्टिकचं. वर्गीकरण केंद्रात ही बाटली पट्ट्यावरून धावत जाते तेव्हा वरून प्रकाश टाकून प्लास्टिकचा प्रकार ओळखणारं इन्फ्रारेड यंत्र बऱ्याचदा बाटली वाचतच नाही, वेष्टन वाचतं. चांगली बाटली मग भलत्याच ढिगात जाऊन पडते. काळ्या प्लास्टिकचं तर विचारूच नका. काजळीने रंगवलेलं असेल तर ते तो प्रकाश गिळून टाकतं, म्हणजे यंत्राच्या लेखी ते पट्ट्यावर नसतंच. आता सांगा, यातलं काय घरातल्या माणसाने ठरवलं होतं? बाटली ज्याने आखली त्याला ती निस्तरायला लागत नाही, आणि ज्याला निस्तरायला लागते त्याला आखताना कुणी विचारलेलं नसतं.

ही गोम ओळखून स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये तिथल्या पर्यावरण मंत्रालयापुढे एक कल्पना मांडली : वस्तू विकून झाली की कंपनीची जबाबदारी संपत नाही, वस्तू टाकून दिल्यावरचा खर्चही तिनेच उचलावा. तीच आजची उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, म्हणजे ईपीआर. पुढच्याच वर्षी जर्मनीने पॅकेजिंगसाठी तसा नियम केला. पाकिटांवर हिरव्या बाणांचं चिन्ह आलं, घरोघरी पिवळ्या पिशव्या आणि पिवळे डबे आले, आणि त्यांचा खर्च पालिकेच्या तिजोरीतून न जाता कंपन्यांच्या शुल्कातून जाऊ लागला.

जर्मनीची सुरुवात मात्र लोक रंगवून सांगतात तशी सुरळीत नव्हती. लोकांनी इतकं प्लास्टिक आणून दिलं की त्यावर प्रक्रिया करायची सोयच पुरेना. बऱ्याच कंपन्या चिन्ह छापून मोकळ्या झाल्या, शुल्क भरायच्या वेळी मात्र गायब. १९९३ मध्ये ती सगळी व्यवस्था दिवाळखोरीच्या तोंडाशी आली होती, आणि गोळा झालेला बराच माल परदेशी रवाना होत होता. म्हणजे गोळा करणं सोपं, पुढची प्रक्रियेची गिरणी उभी करणं अवघड. कुणी नुसता 'आम्ही इतका कचरा गोळा केला' असा आकडा फेकला की मला म्हणूनच शंका येते.

आता नेहमीचा आक्षेप. कंपन्या कशाला खिशातून देतील, किंमत वाढवतील आणि शेवटी ग्राहकच भरेल! भरेल ना. पण आज कोण भरतंय? तुम्ही-आम्हीच, करातून. फरक असा की आज जो पॅकेजिंगचा डोंगर विकत घेतो आणि जो पिशवी घेऊन सुटं सामान आणतो, त्या दोघांनाही तो भार सारखाच. शिवाय करातून गेलेला पैसा कंपनीला काहीच कळवत नाही. शुल्कातून गेला तर कळवतो : काळं प्लास्टिक वापरलंस तर जास्त भर, एकाच पदार्थाची डबी केलीस तर कमी भर. फ्रान्समध्ये शुल्कात असा चढउतार आहे. आणि किंमतवाढीच्या भीतीबद्दल बोलायचं तर, अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या पर्यावरण खात्यासाठी कॅनडातल्या किमतींचा अभ्यास झाला होता. जिथे असं शुल्क आहे आणि जिथे नाही, तिथल्या वस्तूंच्या किमतींत शुल्कामुळे फरक पडल्याचं त्यात आढळलं नाही. तेव्हा ही ओरड जरा हातचं राखून ऐकावी.

माझा मुद्दा वेगळाच आहे. पैसा कुणी द्यायचा हे भांडण बऱ्याच ठिकाणी निकालात निघालंय. त्या पैशातून नेमकं काय विकत घ्यायचं, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मते त्यातून आधी घराच्या दारातली सेवा विकत घ्यायला हवी : गाडी, डबा, ठरलेला वार आणि काय काय घेणार याची एक साधी यादी.

यादी ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण निम्मा गोंधळ तिथेच असतो. एका गावात दह्याचा डबा चालतो, शेजारच्या गावात चालत नाही. लोक घर बदलतात, सवय बदलत नाही. फ्रान्समध्ये कित्येक वर्षं प्लास्टिकच्या फक्त बाटल्या पिवळ्या डब्यात चालायच्या. वाट्या, ट्रे, पिशव्या नेहमीच्या कचऱ्यात. टप्प्याटप्प्याने वर्गीकरण केंद्रांची यंत्रं बदलत नेली आणि २०२३ पासून काच सोडून सगळंच पॅकेजिंग एका डब्यात असा नियम देशभर झाला. दहा-बारा वर्षं लागली, पण आता घरातल्या माणसाला परीक्षा द्यावी लागत नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने २०१४ मध्ये घरगुती पॅकेजिंग आणि कागदाचा सगळा भार कंपन्यांवर टाकला. ऑन्टॅरिओ त्याच वाटेने गेलं आणि २०२६ पासून तिथे प्रांतभर एकच यादी आहे. टूथपेस्टच्या ट्यूब आणि कॉफीचे कागदी कपसुद्धा त्यात आले.

पण सगळंच एका डब्यात घ्या, असं कुणी म्हणत असेल तर त्याला एकदा वर्गीकरण केंद्रात उभं करावं. तिथे कागद वर उचलणाऱ्या फिरत्या चकत्या असतात. पातळ पिशव्या त्या चकत्यांच्या दांड्यांना केस कंगव्यात गुंततात तशा गुंतत जातात. मग अख्खी यंत्रणा थांबवायची, माणसांनी आत चढायचं आणि सुऱ्यांनी ते वेटोळं कापून काढायचं. काम धोक्याचं, आणि रोजचं. काही ठिकाणी पिशव्यांसाठी वेगळी जमा केंद्रं ठेवतात ती याच कारणाने. माझी हरकत जमा केंद्रांना नाही, ती गावाबाहेर ठेवण्याला आहे. ज्याच्याकडे गाडी आहे तोच तिथवर जाणार, आणि अहवालात मात्र 'सर्वांसाठी सुविधा उपलब्ध' असं झळकणार.

सेवा वाढवायची म्हणजे कुणापर्यंत वाढवायची, यात खरी मेख आहे. स्वतंत्र घरांची रांग असलेला भाग कुणालाही आवडतो. गाडी सरळ जाते, डबे दारात, खर्च कमी. राहतात ती उंच इमारतींमधली बिऱ्हाडं आणि विखुरलेली खेडी. इमारतीत डबे ठेवायला जागा नसते, डबा सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही, आणि एकाने गादी टाकली की सगळा माल वाया. खेड्यात दोन घरांमध्ये इतकं अंतर की डिझेलच अंगावर येतं. हिशेब बघणारा माणूस या दोन्ही ठिकाणांवर आधी काट मारणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ऑन्टॅरिओतच बघा : खर्च अपेक्षेपेक्षा जास्त वाढतोय म्हणून २०२५ मध्ये सरकारने बदल सुचवले, आणि त्यांत आणखी इमारतींपर्यंत आणि शाळांपर्यंत सेवा न्यायचा पुढचा टप्पाच गाळायचा प्रस्ताव होता. यादी लांब झाली, दारं तेवढीच.

म्हणून कायद्यात टनांचं उद्दिष्ट असतं तसं दारांचं उद्दिष्टही हवं. अमुक सालापर्यंत अमुक इतक्या इमारतींत सेवा, नाही तर दंड. अमेरिकेत कोलोरॅडोच्या २०२२ च्या कायद्याचा रोख मला आवडतो : नेहमीचा कचरा टाकायला जेवढं सोपं, तेवढंच पुनर्प्रक्रियेचा माल देणंही सोपं असावं, आणि घराला त्यासाठी वेगळे पैसे पडू नयेत. ओरेगॉनमध्ये जुलै २०२५ पासून व्यवस्था सुरू झाली आहे आणि तिथे कंपन्यांचा पैसा गावांना गाड्या आणि डबे घ्यायला, लांबची वाहतूक करायला मिळतो. हा खर्च डोळ्यांना दिसतो. गाडी आली की नाही हे कुठल्याही आजीला कळतं, त्यासाठी लेखापरीक्षक लागत नाही.

याच्या उलट टोकाला भारत. २०२२ च्या नियमांनुसार प्लास्टिक पॅकेजिंग बाजारात आणणाऱ्या कंपनीने ठरवून दिलेल्या वजनाची पुनर्प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रं विकत घ्यायची. कागदावर व्यवस्था चोख आहे. पण हा पैसा कंपनीकडून थेट प्रक्रिया करणाऱ्याकडे जातो; घरातून उचलणारी पालिका आणि हाताने वेचणारा माणूस यांच्या वाट्याला त्यातलं काही यावंच, अशी त्याची रचना नाही. आणि विकायची वस्तू कागद असली की कागदच तयार होतात. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत मोजक्या काही प्रक्रिया कंपन्यांनी काढलेली सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली. न आलेली गाडी लपवता येत नाही, न झालेली प्रक्रिया लपवता येते.

वेचणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर दक्षिण आफ्रिकेचं नाव घ्यायला हवं. तिथल्या २०२१ पासूनच्या नियमांत कंपन्यांच्या संस्थांनी नोंदणीकृत कचरावेचकांना गोळा करण्याचं शुल्क द्यायचं, अशी तरतूदच आहे. अंमलबजावणी हा वेगळा विषय, पण निदान हक्क लिहून ठेवलाय. जिथे ही माणसं आधीपासून हे काम करतात तिथे नव्या चकचकीत गाड्या आणून त्यांचा माल पळवायचा आणि त्याला सेवेचा विस्तार म्हणायचं, याला माझा साफ विरोध आहे.

शेवटचा मुद्दा लगामाचा. यातल्या बहुतेक देशांत कंपन्या एकत्र येऊन संस्था काढतात, शुल्क गोळा करतात आणि खर्चही तीच संस्था करते. पैसा त्यांचा म्हणून कारभार त्यांचा, इथपर्यंत ठीक. पण काय मोजायचं, कुठे मोजायचं हेही त्यांनीच ठरवलं तर कुंपणानेच शेत खाल्लं. गाडीत पडलेलं वजन मोजायचं की प्रक्रिया होऊन बाहेर आलेल्या प्लास्टिकच्या दाण्यांचं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पहिलंच मोजण्याचा मोह कुणालाही होईल. मोजमाप सरकारी नियंत्रकाकडे, हिशेब सगळ्यांना खुला, आणि संस्थेच्या बैठकीत पालिकेचा, कामगारांचा आणि इमारतीत राहणाऱ्यांचा माणूस मतासह बसलेला, एवढं तरी पदरात पाडून घ्यायला हवं. असा नियम तुमच्याकडे हरकती-सूचनांसाठी आला तर उद्दिष्टांच्या टक्केवारीआधी मोजमापाचं कलम आणि सेवाक्षेत्राची व्याख्या उघडा. कुणाला वगळलंय ते बहुधा तिथेच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.