जेसीबी की मिनी ट्रॅक्टर? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

मिनी ट्रॅक्टरनं रान सपाट करण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही लिहिलंत, "हा नुसता डिझेलचा धूर आहे. जेसीबी एका दिवसात मोकळा करतो. शेतकऱ्याला उगाच नादी लावू नका. शिवाय लहान ट्रॅक्टरनं रानात लाटा पडतात." सडेतोड लिहिलंत, बरं वाटलं. पण मला ते पटत नाही.

आधी हिशोब बघा. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. त्यातली अर्धा फूट माती काढायची तर साडेपाच ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आसपास भरते. असे दहा-बारा गुंठे उंच असतील किंवा दगड-गोटे असतील, तर खुशाल जेसीबी लावा. मी लिहिलं ते चार बोटं, फार तर वीतभर चढउताराच्या रानासाठी.

खरा प्रश्न मातीचा आहे. मंगळवेढ्याकडे काळी माती खोल आहे, पण सांगोल्याकडे डाळिंबाच्या कितीतरी रानांत हातभर खाली मुरूम लागतो. जेसीबीचं बकेट एका घासात फूटभर उचलतं. उंचवट्यावरची कसदार माती खोलगटात जाते आणि मुरूम उघडा पडतो. रान सपाट दिसतं, पण त्या पट्ट्यात ज्वारी खुरटते. आपली रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या पावसाच्या मुरलेल्या ओलीवर येते. माती पातळ झाली की ओल धरायची कुठं? शेणखत घाला, ताग गाडा, तरी ते भरून निघायला वर्षं जातात. मिनी ट्रॅक्टरचं पातं एका फेरीत बोटभर माती ओढतं, आणि अशा रानात मला नेमकं तेवढंच हवं असतं.

लाटांचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पुढची चाकं उंचवट्यावर चढली की मागचं पातं जमिनीत घुसतं, चाकं उतरली की वर उचलतं. म्हणून एकाच दिशेनं फिरू नये. उभी, मग आडवी, मग तिरपी फेरी घ्यावी. टॉप लिंक (पातं ट्रॅक्टरला वरून जोडणारा, लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा) आखूड केली की पातं जास्त माती धरतं, लांब केली की नुसती पसरवत जातं. शेवटी पातं काढून लांब लाकडी फळी साखळीनं ओढावी. लांब फळी खड्ड्यावरून सरळ जाते आणि माती त्यात पडत राहते. हे सगळं नांगरट, रोटर झाल्यावर, वळवानंतर वाफसा आला की करायचं. ओल्या काळ्या रानात चाक घातलं तर जमीन दबते. भर घातलेली जागा दोन बोटं उंच ठेवा, पावसाळ्यात ती बसते.

आणि जेसीबीच आणणार असाल तर आधी उंचवट्यावर तीन-चार ठिकाणी टिकावानं खड्डे घेऊन बघा. फुटाच्या आत मुरूम लागला तर वरची माती बाजूला ढीग घालून ठेवायला सांगा, खालचं सपाट झाल्यावर तीच परत पसरा. त्यात मशीनचे तास वाढतील, पण त्या दिवशी तुम्ही स्वतः बांधावर उभे राहा.