शेटजींचं झाकण

रात्री दोनला आईनं किंकाळी फोडली तेव्हा मला आधी चोर वाटला, मग साप. निघाला मुनीम. आई पाणी प्यायला उठली होती. अंधारात तिनं माठाच्या पोटाला हात लावला आणि माठाचं पोट हाताखालून सरकलं. उन्हाळ्यात आमच्या घरात गार अशी एकच जागा, ती मुनीमाला बरोबर सापडली होती. चारी पाय चिकटवून तो माठाला असा बिलगला होता, की माहेरी आलेली लेकसुद्धा आईला तशी बिलगत नसेल.

शेटजी आणि मुनीम हे आमचे बेडूक. पुण्याचा भाचा शिकायला जर्मनीला गेला आणि जाताना लोक फ्रीज-कूलर देऊन जातात तसं हे काचेचं घर आमच्या गळ्यात घालून गेला. दीड बाय दीड फूट, उंची दोन फूट, आत ऑस्ट्रेलियाकडचे दोन झाडबेडूक. पोपटी रंग, सुटलेली गालफडं, ओठांवर कायमचं अर्धं हसू. आमच्या सोलापूरच्या फलटण गल्लीत गादीवर बसून गिऱ्हाइकाकडं ढुंकूनही न बघणारा एखादा दुकानदार आठवा, तो शेटजी. दुसरा बारीक, सतत कोपऱ्यात मान घालून, तो मुनीम. हे नीट सांभाळले तर पंधरा-वीस वर्षं जगतात, ही माहिती भाच्यानं विमानतळावरून दिली. मुलीचं लग्न होईल, पण हे घरातच असतील.

आता झाकणाचं. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीनं पितो. थोडाफार श्वासही कातडीनंच घेतो. म्हणून काचेच्या घरात ओलावा हवा. पुण्यात पावसाळाभर हवाच ओली, त्यामुळे अख्ख्या जाळीचं झाकण चालून गेलं. इथं एप्रिलमध्ये पारा 42 वर. मी फवारा मारून बाटली जागेवर ठेवेपर्यंत आतली पानं पापडासारखी कोरडी. ओलावा मोजायचं यंत्र 60 दाखवायला हवं, ते 26 वर बसलेलं. त्या यंत्राची वायर आत जावी म्हणून मी जाळीचा कोपरा कापला होता. वायर काडीएवढी, भोक तीन बोटांचं. ‘पुढं लागलं तर असू दे’ ही आमची खानदानी पद्धत. पुढं लागलं ते मुनीमाला.

पाण्याचं मात्र सोलापुरात सुख. नळाच्या पाण्यातला क्लोरीन बेडकांना सोसत नाही, म्हणून पाणी उघडं भरून दिवसभर ठेवावं असं सांगतात. दिवसभर? आमच्याकडं नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. पिंपातल्या पाण्यात क्लोरीन राहील तरी कशाला?

पहिला उपाय घरगुती. जाळीवर सोलापुरी टॉवेल ओला करून टाकला. आमचा टॉवेल पाणी किती पितो हे मला ठाऊक होतं, किती सोडतो ते त्या दिवशी कळलं. टेबलाची प्लाय फुगली. दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर बाबांनी तोच टॉवेल डोक्याला गुंडाळला, तो विषय मी इथं वाढवत नाही. मग जाळीवर प्लास्टिकचा कागद ताणला. ओलावा झकास झाला, पण हवा कोंडली. तीन दिवसांत मातीला बुरशी आली आणि घराला पावसाळ्यातल्या मोज्यांचा वास. वाफ आत राहिली पाहिजे, हवा खेळली पाहिजे, बेडूक बाहेर येता कामा नये. शेवटी ठरलं, दोन भाग काच, एक भाग जाळी.

खिडक्यांच्या ॲल्युमिनियम फ्रेम करणाऱ्याकडं गेलो. मापं बघून म्हणाला, “मासे?”

“बेडूक.”

“कॉलेजला कापायला?”

“पाळायला.”

त्यानं मशीन बंद केलं. आतल्या पोराला हाक मारली, “ए, इकडं ये बे, सर बेडकाला खिडकी बसवायलेत.” मग माझ्याकडं वळून अगदी मायेनं, “सर, पावसाळ्यात आमच्या बाथरूममध्ये चार-चार येतात. न्या की फुकट.”

जाळीवरून तर रीतसर वाद झाला. तो जस्त चढवलेली स्वस्त जाळी देत होता. ओलाव्यानं जस्त सुटतं आणि बेडकाच्या कातडीला ते वाईट, असं मी म्हणालो. तो म्हणाला, माणसाच्या खिडकीला चालतंय. मी म्हणालो, माणूस खिडकी अंगानं पीत नाही. मग त्यानं मच्छरजाळी काढली, प्लास्टिकची. ती मी आधी लावून पाहिली होती. बेडकांना खायला मी कुरिअरनं रातकिडे मागवतो. त्यांनी एका रात्रीत ती कुरतडली आणि दिवाणाखाली, ठेवणीतल्या चादरींत मुक्काम केला. आठवडाभर घरात असं किर्रर्र चाललं होतं, की शेजारच्या काकूंनी पंख्याला तेल घाला म्हणून निरोप पाठवला. अखेर स्टीलची जाळी ठरली. एवढ्यात अख्ख्या घराला मच्छरजाळी झाली असती.

काच तीन मिलिमीटर लहान निघाली. चूक माझी, माप बायकोच्या शिवणाच्या टेपनं घेतलं होतं आणि ती टेप ताणली जाते. (ब्लाउजं घट्ट का होतात हा जुना वाद त्याच दिवशी मिटला.) फटीत सिलिकॉन भरलं. ते सुकताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. आई दोन दिवस लोणच्याच्या बरण्या हुंगत फिरत होती. तोवर बेडकांना ठेवायचं कुठं? बायकोनं कडक भाकरीसाठी नवा पारदर्शक डबा आणला होता. दाभण तापवून मी झाकणाला वीस भोकं पाडली. शेटजी त्यात असे बसले, की डबा त्यांच्यासाठीच आणलाय. त्या डब्यात आता भाकरी ठेवत नाहीत आणि माझ्याशी दोन दिवस कोणी बोलत नव्हतं.

पण झाकण? ओलावा 65. बुरशी नाही, वास नाही, रातकिडे आत, मुनीम आत. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते उघडून-मिटून दाखवत होतो.

पाचव्या रात्री गाढ झोपलो. सकाळी उठून बघतो तर पिंपं रिकामी.

झालं असं, की पहाटे पाण्याआधी नळातून हवा फुसफुसते, मग धार पडते. पाण्याच्या आवाजावर शेटजी गळा फुगवून ‘क्रॉक, क्रॉक’ सुरू करतात. मला तो निव्वळ त्रास वाटायचा. दोन महिने त्या ओरडण्यानंच आई उठत होती आणि जिन्यातून ओरडत होती, “पाणी यायलंय!” तिच्या आवाजावर वरचे दोन मजले उठायचे. त्या रात्री शेटजी ओरडले असणारच. काचेच्या झाकणाखाली ओरडले.

सात वाजता वरच्या मजल्याचे लोक रिकाम्या बादल्या घेऊन दारात उभे. आई कोणाला काही बोलली नाही. तिनं शिवणाची टेप आणून माझ्या हातात दिली.

“काच अर्धी कर,” ती म्हणाली. “आणि माप नीट घे.”