शुगर आणि शेरा

सहकारी पतसंस्थांच्या लेखापरीक्षणासाठी मला बीड, लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांतून बारमाही एसटीने फिरावे लागते, आणि माझ्या मधुमेहाला हा प्रवास एक वेळ मानवतो, पण वाटेतला पाहुणचार मुळीच मानवत नाही. इतर कोणी चहा नाकारला तर फार तर आग्रह होतो. लेखापरीक्षकाने नाकारला की ‘हा माणूस शेरे मारणार’ अशी कुजबुज थेट संचालक मंडळापर्यंत पोहोचते. म्हणून मी बिनसाखरेचा चहा मागतो. येतो तो गोडच, आणि सोबत खुलासाही येतो : “थोडीशीच टाकलीय साहेब, अगदीच फिक्का कसा द्यावा? आमच्या वडलालाबी हाय शुगर, काय होत नसतंय!” चहावर निभावले तर कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा उघडला जातो, ज्याची पावती पुढे ‘किरकोळ खर्च’ या सदरात मलाच तपासावी लागते. मार्गशीर्षातील येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, तर कामकाजच शेतात भरते आणि भज्जी-आंबिलीपाठोपाठ पानात पडणाऱ्या खिरीवर आक्षेप नोंदवण्याची सोय कोणत्याही कायद्यात नाही.

उन्हाळ्यात पारा बेचाळीसवर गेला की काळजी इन्सुलिनची. वापरायला काढलेले माझे पेन तीस अंशांखाली चार आठवडे टिकते. पण मे महिन्यात तीस अंश ही या भागात पहाटेची गोष्ट असते. एका लॉजच्या व्यवस्थापकाने माझी न उघडलेली पेने मोठ्या आस्थेने बर्फाच्या कप्प्यात ठेवली आणि सकाळी ती दगडासारखी घट्ट झालेली परत देताना “बघा, कशी गार ठेवलीत!” असे अभिमानाने सांगितले. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते, हे त्याला सांगण्याचा मला धीर झाला नाही.

खरा प्रसंग मात्र अंबाजोगाईकडच्या एका संस्थेत गुदरला. माझी सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी पोटात अन्न आहे की नाही याची चौकशी न करता शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, आणि त्या दिवशी एका न सापडणाऱ्या व्हाउचरपायी जेवण तीन वाजेपर्यंत लांबले होते. हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला. कर्जखाते पाहून साहेब संतापले, असा चिटणिसांचा समज झाला आणि सकाळपासून हरवलेले ते व्हाउचर त्यांनी मुकाट्याने स्वतःच्या खणातून काढून माझ्यापुढे ठेवले. रक्तातील साखर मोजण्याच्या यंत्रावर आकडा होता 58, म्हणजे साखर पार घसरलेली. अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे तीन चमचे, पाण्यात विरघळवून लगेच प्यायची असते. मी शिपायाकडे साखर मागितली.

“साहेब, सकाळधरनं तुम्हीच तर नको म्हणलात की,” तो म्हणाला, आणि चेअरमनसाहेबांना विचारून येतो म्हणून निघून गेला. अखेर चिटणिसांनीच साखरेचा डबा आणला.

पंधरा मिनिटांनी आकडा 96 झाला, तोवर हे यंत्र पाहायला सगळी संस्था जमली होती. चेअरमननी स्वतःहून बोट पुढे केले. आकडा आला 287. त्यांनी तो शांतपणे वाचला, “आधी या मशिनचंच ऑडिट करा साहेब,” असे सुचवले आणि सर्वांसाठी चहा मागवला.