हेडरची भांडणं पेटती कशी ठेवावीत

हेडर म्हणजे 'इन्क्लूड'च्या ओळीने प्रोग्रामात ओढून घेतलेली, तयार व्याख्यांची फाइल. अशा फाइली एकमेकींशी भिडल्या की कंपाइलर, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, शेकडो एरर ओकतो. तेव्हा पहिला एरर अजिबात वाचायचा नाही. खरं दुखणं बहुधा तिथेच असतं, आणि ते लगेच सापडलं तर दिवसभर करायचं काय? थेट तळाशी जा, शेवटची ओळ गुगलवर टाका आणि जे पहिलं उत्तर मिळेल ते डोळे मिटून चिकटवा.

विंडोजवर सॉकेटचं, म्हणजे नेटवर्कवरून बोलणाऱ्या प्रोग्रामचं, काम आहे? मग 'विंडोज.एच' आधी आणि 'विनसॉक२.एच' नंतर लिहा. 'विंडोज.एच' येताना जुन्या 'विनसॉक.एच'ला काखोटीला मारून आणते, मग तीच स्ट्रक्चर्स (डेटाचे साचे) पुन्हा डिफाइन होतात आणि कंपाइलर बोंब ठोकतो. एखाद्या शहाण्याने क्रम उलटा करून ठेवलाच, तर क्लँग-फॉरमॅट हे कोड नीटनेटका मांडणारं साधन चालवा. ते इन्क्लूड वर्णानुक्रमे लावतं, आणि इंग्रजी वर्णमालेत 'विंडोज'चा नंबर 'विनसॉक'च्या आधी लागतो. टापटीप ती टापटीप, भांडण ते भांडण.

'विंडोज.एच'चे 'मिन' आणि 'मॅक्स' हे मॅक्रोही, म्हणजे कंपाइल होण्याआधीच कोडमध्ये परस्पर बदलले जाणारे शब्दही, जपा. सी प्लस प्लसच्या 'एसटीडी' या प्रमाण लायब्ररीतल्या त्याच नावाच्या फंक्शनांचा ते असा चुराडा करतात की एरर भलत्याच फाइलीत दिसतो. 'नोमिनमॅक्स' डिफाइन केलं की हे थांबतं, म्हणून ते करायचं नाही. (लिनक्सवाल्यांनी हिरमुसू नये. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स११ची हेडर 'नन' आणि 'सक्सेस' हे साधे शब्दसुद्धा मॅक्रो करून बसली आहेत.)

लिनक्सवर खरी मजा जुन्या प्रतींची. कधीकाळी 'सुडो मेक इन्स्टॉल' या कमांडने हाताने बसवलेली लायब्ररी '/यूएसआर/लोकल/इन्क्लूड'मध्ये पडून असेल, तर तिला हलवू नका. जीसीसी हा कंपाइलर सहसा आधी तिथेच डोकावतो, '/यूएसआर/इन्क्लूड'कडे नंतर वळतो. त्यामुळे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या ॲप्टने कितीही नवी आवृत्ती आणली तरी हेडर जुनीच उघडते.

जीसीसीला मोठ्या एचचा फ्लॅग, म्हणजे '-H' हा पर्याय, मात्र चुकूनही देऊ नका. उघडलेल्या प्रत्येक हेडरचा पत्ता तो छापतो, कोणी कोणाला आत घेतलं तेही टिंबं मोजून दाखवतो. सगळी चोरी उघडी पडते. त्यापेक्षा इन्क्लूडच्या ओळी वरखाली करत बसा. जुळलंच कधी, तर वर 'हात लावू नये' अशी कॉमेंट टाका. कारण लिहायचं नाही.

आणि हेडर जुनी, लायब्ररी नवी असूनही बिल्ड झाला, तर पेढे वाटा. स्ट्रक्चरचा आकार बदललेला असेल तर प्रोग्राम कोसळेल, पण तो ग्राहकाकडे, आणि तोवर तुम्ही दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेले असाल.