बोलावलंत ना? मग पूर्ण गाऊ द्या

आज ऑफिसात डबा खाताना रेडिओवर जॉर्ज जोन्स लागला, अमेरिकेतला कंट्री गायक. शेजारचा लगेच म्हणाला, "हा तोच ना, बायकोने गाडीच्या किल्ल्या लपवल्या म्हणून गवत कापायच्या मशीनवर बसून 8 मैल दारू आणायला गेलेला?" हो, तोच. सगळं टेबल खदाखदा हसलं. मला घास गिळवेना.

एवढंच लक्षात ठेवायचं का माणसाचं? कंट्री संगीतात ह्या टेक्सासच्या माणसासारखा गळा झाला नाही. माझं मत आहे आणि ते बदलणार नाही. दारूपायी इतके कार्यक्रम बुडवले की लोक त्याला 'नो शो जोन्स' म्हणायला लागले. संपला संपला म्हणत असताना 1980 मध्ये एका गाण्यावर परत उभा राहिला. दारू तरीही सुटली नाही. मार्च 1999 मध्ये नॅशव्हिलजवळ गाडी पुलाला धडकली, मरता मरता वाचला. गाडीत व्होडकाची बाटली सापडली. त्यानंतर मात्र सोडली.

दारू पिऊन गाडी चालवणं गुन्हाच आहे. समोर कुणाचं लेकरू असतं तर ही पोस्ट मी लिहिली नसती. मान्य.

पण पुढचं ऐका. त्याच वर्षी त्याचं 'चॉइसेस' आलं. माझ्या आयुष्याचं जे झालं ते मीच केलं, असं सरळ कबूल करणारं गाणं. सीएमए, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनच्या पुरस्कारांच्या सोहळ्यात गायला बोलावलं आणि वर सांगितलं, गाणं छोटं करा. सत्तरीला टेकलेल्या जोन्सला! तो गेलाच नाही.

बरोबर केलं त्याने! मला तर आमचे काकाच आठवले. इथे ह्यूस्टनला आमच्या मंडळात त्यांच्याइतका सुरेल अभंग कुणी गात नाही. मधली काही वर्षं दारूत गेली. सोडल्यावर आषाढीला पहिल्यांदा गायला बसले आणि कमिटीतल्या एकाने कानाशी येऊन सांगितलं, "काका, एकच कडवं हं." एकच कडवं! त्याआधी एका साहेबांचं भाषण वीस मिनिटं चाललं होतं, तेव्हा कुणाला घड्याळ दिसलं नाही.

काकांनी वाद घातला नाही. एक कडवं म्हटलं, पेटीचा भाता मिटला, कडी लावली, हात जोडले. काकू पहिल्या रांगेत होत्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

वेळ कमी असतो, कार्यक्रम लांबतात, मलाही कळतं. पण कात्री नेमकी ह्यांच्याच गाण्याला का लागते? माणूस सुधारला म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि तोंड उघडलं की घाई करायची, हे मला पटत नाही. जोन्सलाही बोलावलं होतंच की.

त्या सोहळ्यात दुसरा कंट्री गायक ॲलन जॅक्सन स्वतःचं गाणं गात होता. थेट प्रक्षेपण चालू होतं. मध्येच त्याने आपलं गाणं सोडलं, 'चॉइसेस' सुरू केलं आणि संपल्यावर सरळ निघून गेला. तो व्हिडिओ मी कितीदा पाहिलाय. दरवेळी डोळे भरून येतात. पुढच्या वर्षी त्याच गाण्याला ग्रॅमी मिळालं, जोन्सला.

दिवाळीच्या कार्यक्रमात यंदा मला गाण्यासाठी दहा मिनिटं दिली आहेत. ती मी काकांना देतेय. कमिटीला मघाशीच फोन केला, काकूंनाही कळवलं. अभंग कुठला, ते काका ठरवतील.