काय बिघडलं म्हणे!

सकाळी कट्ट्यावर एकजण चहा ढोसत म्हणाला, "चार वर्षं नगरसेवक नव्हते, काय बिघडलं? उलट कटकट कमी." सगळे हसले. माझं डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितोय.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चेंबरचं झाकण तुटलं. कुणीतरी त्यात कडुलिंबाची फांदी खोचून लाल फडकं बांधलं. बाबा, वय ७८, अर्ज घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेले, पोच घेऊन आले. मग दुसरा अर्ज, तिसरा. उत्तर एकच, "आजोबा, वरून आलं की करू." फांदी वाळली. कुणीतरी नवी लावली.

पालिकांना घटनेत स्थान देणारी ७४वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत निवडणूक. यात न समजण्यासारखं काय आहे? मुंबईची मुदत मार्च २०२२ ला संपली, मतदान झालं जानेवारी २०२६ ला! मधे कोर्टात कधी ओबीसी आरक्षणाचा वाद, कधी मुंबईत प्रभाग २२७ की २३६ हा वाद, आणि तारखांवर तारखा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हटलं, तरी जानेवारी उजाडलाच. या काळात दोन्ही बाजूंची सरकारं येऊन गेली. २६ नोव्हेंबरला संविधान दिन मात्र कुणी चुकवला नाही. लाज वाटते.

आरक्षणाचा प्रश्न खरा होता, मान्य. आणि आमचा आधीचा नगरसेवक म्हणजे वाढदिवसाचे फ्लेक्स आणि पेव्हर ब्लॉक, हेही मान्य. पण बाबांनी त्याला एकदा गणपतीच्या आरतीनंतर गाठून सगळ्यांदेखत झापलं होतं, "पुढच्या वेळी मत मागायला ये, मग बघतो." दोन दिवसांत ड्रेनेजवाले हजर. नगरसेवक नसताना सरकारने नेमलेला अधिकारी, म्हणजे प्रशासक, कारभार बघतो. त्याला काय सांगणार? तो कुठे मत मागायला येणार आहे?

जाऊ दे. चिडून लिहायला बसलो होतो, पण आता बाबांचं आठवून हसू येतंय. प्रचारात एक उमेदवार पत्रक घेऊन दारात आला. बाबांनी त्याला आत बसवलं, फाइल काढली आणि अकराच्या अकरा पोचा तारखेसकट वाचून दाखवल्या. वीस मिनिटं बिचारा मान हलवत होता. आईने चहा टाकला, तर बाबा म्हणाले, आधी झाकण.

झाकण अजून बसलेलं नाही, ते वेगळं.